सदतीस नंबरची मागणी

“टोकन क्रमांक सदतीस. पैकू नाकाडे, मौजे भुरकेटोला. वेळ तीन मिनिटं.”

माइकवरून नाव पुकारलं गेलं आणि माझं पेन थांबलं. व्यासपीठाच्या खाली, बाजूला लावलेल्या लहान टेबलाशी मी लघुलिपीची वही घेऊन बसले होते. सकाळपासून छत्तीस जण बोलून गेले होते. कुणाला पुरस्कार हवा होता, कुणाला मानधन हवं होतं, कुणाला आपल्या वडिलांच्या नावानं अकादमी हवी होती. एका कवीनं तर तीन मिनिटांपैकी अडीच मिनिटं स्वतःचा परिचयच करून दिला होता. जेवणाची सुट्टी जवळ आली होती आणि समितीच्या सदस्यांच्या माना हळूहळू खाली चालल्या होत्या.

देशाचं सांस्कृतिक धोरण ठरवायचं होतं. ते दिल्लीत बसून न ठरवता लोकांना विचारून ठरवायचं, असं जाहीर झालं होतं. त्यासाठी जागोजागी जनसुनावण्या चालल्या होत्या. आमच्या झाडीपट्टीची सुनावणी जिल्ह्याच्या नाट्यगृहात होती. मी समितीच्या कार्यालयात कंत्राटावर होते. वय तीस. इकडची बोली कळते म्हणून खास मला या दौऱ्यावर आणलं होतं.

पैकू मामा मागच्या रांगेतून उठला. पांढरा सदरा, गुडघ्याखाली आलेलं धोतर, आणि दोन्ही खांद्यांवरून पाठीवर पसरलेला लाल दुपट्टा. सोबत त्याचा ढोलकीवाला झिंगर आणि आणखी चार-पाच माणसं होती. तो माझा सख्खा मामा नव्हे. माझी आई भुरकेटोल्याची, म्हणून त्या गावचा प्रत्येक पुरुष माझा मामाच. पण बाकीचे नुसते म्हणायला, हा खरा.

माझे वडील जंगलखात्यात होते. त्यांची बदली अशा ठिकाणी झाली की तिथं शाळाच नव्हती. म्हणून पाच वर्षं मी आईच्या गावी राहिले. दिवाळीनंतर त्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला दंडार होते. गोलात नाचत, गात, मधूनच सोंग घेत चालणारा तो खेळ. मामा त्याचा म्होरक्या. तो ओळ टाकायचा आणि मागचे झीलकरी ती उचलायचे. दंडारीत बायकांची कामंही पुरुषच करत. पण मला ऐकलेलं सगळं पाठ व्हायचं, म्हणून आठ वर्षांच्या मला त्यानं झीलकऱ्यांत उभं केलं. गावात कुरबुर झाली. मामा म्हणाला, “पोरगी शब्द सांडत नाई. तुमी सांडता.” कुरबुर तिथंच मिटली.

एकदा मीच सांडला. ओळीतला एक शब्द गाळून मी झील दिली. मामानं हात वर केला. ढोलकी थांबली, टिपऱ्या थांबल्या, भोवतीच्या बैलगाड्यांवर बसलेली दहा गावची माणसं गप्प झाली. मामा मला रागावला नाही. त्यानं ओळ पुन्हा टाकली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी पूर्ण ओळ उचलली, तेव्हा दंडार पुढे सुरू झाली. असा त्याचा कायदा होता, आणि तो सगळ्यांना सारखा होता.

तर तो मामा आता पुढे आला. मला पाहून थबकला.

“वने, तू इथं? आपली पोरगी सायबाइच्या टेबलावर!” मग वळून सगळ्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असं झिंगरला म्हणाला, “मंग आता काई भेव नाई.”

माणसं हसली. मी लाजले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

निवेदकानं माइक पुढे केला. मामानं तो बाजूला सारला. तो व्यासपीठासमोर उभा राहिला, मागे वळून लोकांकडे पाहिलं, पुन्हा समितीकडे पाहिलं, आणि तिरका उभा राहिला.

“काका, समितीकडे तोंड करून बोला,” निवेदक म्हणाला.

“तुमच्याकडं तोंड केलो त लोकाइकडं पाठ होते. लोकाइकडं केलो त तुमच्याकडं होते. मी बोलू कसा?”

पुन्हा हशा पिकला. समितीचे सदस्य-सचिव खांडेपारकर सर खुर्चीत सावरून बसले. सर गोव्याकडचे. उंच, गोरे, नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत. गाण्याचा कान असलेला माणूस. सरकारी गाडीत बसल्याबसल्या मांडीवर ताल धरायचे. त्यांना खलनायक करून टाकलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं, पण ते तसे नव्हते.

“मग कसं करू या, पैकूजी?” सरांनी हसून विचारलं.

“तुमी खाली या.”

आणि सर खरोखर खाली आले. दोन पायऱ्या उतरून ते मामाजवळ उभे राहिले. मामानं झिंगरला बोलावलं, बरोबरच्या माणसांना बोलावलं, पहिल्या रांगेतल्या दोघातिघांना हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांचं कडं केलं. सरांना त्यात उभं केलं. मग स्वतः आत पाऊल टाकून विचारलं, “आता कोनाची पाठ कोनाकडं आहे?”

सरांनी भोवती पाहिलं. “कुणाचीच नाही.”

“हे दंडार आहे, सायेब. दंडारीले पाठ नसते.”

फोटोग्राफर धावत पुढे आला. टाळ्या पडल्या. तीन मिनिटं संपल्याची घंटा झाली तेव्हा सरांनीच हात करून ती थांबवली. मामा त्यानंतर नऊ मिनिटं बोलला. मी एकेक शब्द उतरवत होते.

तो काय बोलला ते मला आजही पाठ आहे. भुरकेटोल्याच्या वेशीवर आखर आहे. सकाळी गुरं चरायला सुटण्याआधी जिथं गोळा होतात ती मोकळी जागा. पिढ्यानपिढ्या दंडार तिथंच होते. ग्रामपंचायतीत आता बोलणं चाललं होतं की ही जागा नुसतीच पडून आहे, तिथं काहीतरी बांधा. कुणी गोदाम म्हणत होतं, कुणी सभागृह. मामाला ते व्हायला नको होतं.

“आमच्या आखराले दार नाई, सायेब. ज्याले याचं त्यानं याचं. पह्यले गावात ज्याले देवाच्या देवरात घेत नोते, तोही आखरावर गोलात उभा रायत होता. मायाच बाजूले उभा रायत होता. आता तुमी भवन बांधसाल, त भवनाले दार रायते. दाराले कुलूप रायते. कुलपाची चाबी कोनाच्या तरी खिशात रायते. मंग ज्याच्या खिशात चाबी, त्याची दंडार.” तो थांबला. सगळ्यांकडे वळूनवळून पाहिलं. “आज सकारपासून सगरे मांगून रायले. मी मांगाले नाई आलो. काई देऊ नोका, एवढंच सांगाले आलो. तुमच्या धोरनात एक ओळ लिवा. आमचा आखर रिकामा रावू द्या. रिकामा आहे मनून तो आमचा आहे.”

पुन्हा टाळ्या पडल्या. व्यासपीठावरच्या एक सदस्या शेजारच्यांना म्हणाल्या, “किती नैसर्गिक सादरीकरण!” मामाला शाल आणि नारळ दिला. तो शाल हातात धरून उभाच राहिला.

“शाल कायले? मी बोललो ते लिवलं का?”

जेवणाच्या सुट्टीत तो मला शोधत नाट्यगृहाच्या मागच्या व्हरांड्यात आला. झिंगर सोबत होता. मी ताट खाली ठेवलं.

“वाच,” मामा म्हणाला.

लघुलिपीच्या रेघोट्या बघून झिंगरला हसू आलं. “हे त कोंबडीनं उकरल्यावानी दिसते.” पण मी वाचू लागल्यावर तो गप्प झाला. मामा डोळे मिटून ऐकत होता. शेवटच्या ओळींपाशी त्यानं हात वर केला. तोच हात, तसाच.

“‘आमचा आखर रावू द्या’ नाई बोललो मी. ‘रिकामा रावू द्या’ बोललो. ‘रिकामा’ सांडला तुया.”

लिहिण्याच्या घाईत तो शब्द माझ्याकडून सुटला होता. मी तो वर लिहिला, खाली बाण काढला.

“आता वाच.”

मी वाचलं. मामानं डोळे उघडले. “हा. आता झाली झील. वने, एवढा एक शब्द सांडू देऊ नोको. बाकी गेलं त गेलं.”

“नाही सांडणार, मामा.”

“सायेब खाली उतरला ना? मानूस बरा आहे. त्याले समजलं.”

मामाला माणसं ओळखता येत. सरांना खरंच समजलं होतं.

महिनाभरानं आम्ही राज्याच्या राजधानीतल्या कार्यालयात बसलो होतो. राज्यातल्या सगळ्या सुनावण्या मिळून बाराशे जणांचं म्हणणं जमा झालं होतं. ते दिल्लीला पाठवायचं होतं, पण आहे तसं नव्हे. दिल्लीहून एक तक्ता आला होता. अनुक्रमांक, नाव व गाव, मागणी, प्रस्तावित कार्यवाही, जबाबदार यंत्रणा, मुदत. प्रत्येक माणसाला एकच ओळ. आणि प्रत्येक मागणी सात शीर्षकांपैकी एकाखाली बसवायची. ती सात शीर्षकं सुनावण्या सुरू व्हायच्या आधीच छापून आली होती. मला तेव्हा हे विचित्र वाटलं होतं, पण मी ते बोलून दाखवलं नव्हतं. कंत्राटावरच्या माणसाला विचित्र वाटून घेण्याची मुभा नसते.

माझ्या कायम नेमणुकीची फाइल त्या आठवड्यात खांडेपारकर सरांच्या टेबलावर होती. निळी फाइल. मी येताजाता ती बघायची.

“कापगते, हा तुमचा सदतीस नंबर,” सरांनी तक्त्यावर पेन्सिल टेकवली. “‘आखर रिकामा राहू द्यावा.’ ही मागणी आहे की तक्रार?”

“मागणी आहे, सर.”

“कशाची?”

“तिथं काही न बांधण्याची.”

सरांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, उलट त्यांना गंमत वाटली. “अहो, काही न करण्यासाठी धोरण कशाला लागतं? पुढचे रकाने बघा. कार्यवाही काय, तर काही नाही. जबाबदार यंत्रणा कोण? आता काहीच करायचं नाही, ते कुठल्या खात्यानं करायचं? आणि मुदत काय घालू, आचंद्रसूर्य?”

मीही हसले. मला हसू आलं, हे मी लपवत नाही.

“नकारार्थी काही पाठवू नका, असं वरून कळवलंय. सकारात्मक करून आणा.”

मी माझ्या टेबलाशी आले आणि लिहिलं, ‘आखराची मोकळी जागा दंडारीसाठी तशीच राखावी.’

सरांनी वाचलं. “‘तशीच’ म्हणजे पुन्हा काही करायचं नाही. तेच झालं की.”

मी ‘तशीच’ काढलं, ‘मोकळी’ही काढलं. ‘दंडारीसाठी जागा राखावी.’

“कुणी राखावी? कुणाकडून? वाक्य लंगडं आहे, कापगते. इतकं छान बोलले होते पैकूजी! त्यांना न्याय द्या जरा.”

दुपारचे साडेतीन वाजले होते. पाच वाजता, तयार करणारी म्हणून माझी सही होऊन, तक्ता रवाना व्हायचा होता. निळी फाइल टेबलाच्या कोपऱ्यात होती, सरांच्या चहाच्या कपाखाली. मी तिसऱ्यांदा लिहिलं, ‘दंडारीसाठी कायमस्वरूपी जागा उपलब्ध करून द्यावी.’

“आता कसं!” सर खूश झाले. “हे सरळ शीर्षक तीनमध्ये जातं. पायाभूत सुविधा. म्हणजे भवन. बरोबर ना?”

मामाच्या बारा मिनिटांतून सहा शब्द उरले होते, आणि त्यातला ‘दंडार’ तेवढा त्याचा होता.

सर माझ्याकडे बघत होते. पेन्सिल शीर्षक तीनवर थांबलेली होती. त्यांना मामा आठवत नव्हता असं नाही. कड्यात उभं राहून ‘कुणाचीच नाही’ म्हणणारा माणूस तोच होता. पण त्यांना त्या वेळी माझ्याकडून एक शब्द हवा होता, म्हणजे मग ‘भवन’ हा शब्द त्यांचा राहिला नसता, माझा झाला असता.

“बरोबर, सर,” मी म्हणाले.

पुढे अनेकांना मी सांगत आले की तक्त्यात गडबड झाली, शीर्षकं चुकली, सरकारी काम असंच असतं. मला कळलं नव्हतं, असंही सांगितलं. इथं ते लिहिणार नाही. मला कळलं होतं. पेन्सिलीनं तीनचा आकडा घातला जाताना मला भुरकेटोल्याचा आखर डोळ्यांसमोर दिसत होता, आणि तरी मी म्हणाले, बरोबर.

चौथ्या दिवशी माझ्या नेमणुकीचा आदेश निघाला. सरांनी पेढे मागवले.

धोरण यथावकाश प्रसिद्ध झालं. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर फोटो होता मामाचा. कड्याच्या मधोमध उभा, हात वर, आणि मागे हसणारे खांडेपारकर सर. फोटोखाली लिहिलं होतं, ‘लोकांचं धोरण, लोकांच्या शब्दांत’. मी एक प्रत मामाला पाठवली. आता वाटतं, ती पाठवताना मला काडीचीही लाज कशी वाटली नाही?

शीर्षक तीनमधल्या मागण्यांतून नमुना म्हणून काही गावं निवडली गेली. भुरकेटोला त्यात पहिलं, कारण फोटो. जिल्हा कार्यालयानं गावाकडे सांस्कृतिक भवनासाठी रिकामी सरकारी जागा विचारली. रिकामी जागा गावात एकच होती.

मामाचं पहिलं कार्ड आलं ते असं: ‘वने, आखरावर मोजनीवाले आले. खुटे गाडून रायले. मनतात दंडारीसाठी आहे. सायबाले सांग काई गडबड झाली.’ अक्षर शाळेतल्या पोरासारखं मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. मी त्या कार्डाला उत्तर दिलं, ‘चौकशी करते.’ दोन महिन्यांनी दुसरं आलं: ‘पाये खोदले. अजून येर आहे. तू ये.’ येर म्हणजे वेळ. ते कार्ड मी फाइलला लावलं, आवक क्रमांक घातला. माझी परिवीक्षा चालू होती.

गेले मी शेवटी, उद्घाटनाला. सरकारी गाडीतून, खांडेपारकर सरांच्या शेजारी बसून. माझ्या पर्समध्ये ती लघुलिपीची वही होती. का घेतली होती, कोण जाणे. काहीतरी करीन, असं मला स्वतःला भासवायचं असावं.

मंडईचाच दिवस निवडला होता. आखर ओळखू येत नव्हता. जिथं गोल फिरायचा तिथं पिवळ्या रंगाची बैठी इमारत, समोर लोखंडी फाटक, भोवती कुंपण. बैलगाड्या कुंपणाबाहेर लांब सोडल्या होत्या. मंत्रिमहोदय अकराला आले, फीत कापली आणि काळ्या दगडावरचा पडदा ओढला. निवेदकानं दगडावरचा मजकूर माइकवरून वाचला. सांस्कृतिक भवन, भुरकेटोला. राष्ट्रीय सांस्कृतिक धोरणांतर्गत. दंडार कलावंत श्री. पैकू नाकाडे यांच्या मागणीनुसार.

मग मागणीकर्ते म्हणून मामाचा सत्कार झाला. सरपंचानं त्याच्या खांद्यांवर शाल घातली. मामा दगडाकडे बघत होता. त्याला वाचता यायचं, पण सावकाश. ओठ हलवत तो वाचत होता. मंत्र्यांच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या तरी त्याचं वाचणं चालू होतं.

लोकांनी मात्र त्याचं वाचणं संपायची वाट पाहिली नाही. आधी कुजबुज झाली, मग आवाज चढले. सगळ्यांत पुढे झिंगर होता. चाळीस वर्षं मामाच्या ओळीवर ज्यानं ढोलकी धरली तो झिंगर.

“पैकू, मी तुयासोबत होतो त्या दिवसी. मी आइकलो काय बोललास ते. पन मंग मागून कागदावर काय लिवून देल्लास? मले न सांगता?”

“काई नाई लिवून देलो.”

“मंग हे दगडावर तुयं नाव कोनं टाकलं? सरकारले सपन पडलं का?”

“गोटा खोटा बोलते, झिंगर.”

“गोटा कायले खोटा बोलंल! तूच मांगलास. तुले फोटो पायजे होता, शाल पायजे होती. आखर इकलास तू.”

कुणीतरी मागून म्हणालं, “चाबी आता तुयाच खिशात काय, म्होरक्या?”

मी भवनाच्या पायरीवर उभी होते. शेजारी खांडेपारकर सर, सरपंच, आणि वर्तमानपत्राचे दोन वार्ताहर. मामानं गर्दीवरून मान उंचावून मला पाहिलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला पाहून त्याला धीर आला, आणि तेच मला आजवर सहन झालेलं नाही.

“थांबा रे,” त्यानं हात वर केला. लोक गप्प झाले. सवयच होती त्यांना त्या हाताची. “आपली वनी आहे ना. तिनं लिवलं होतं. मी एकही शब्द सांडू देलो नाई, झिंगर, तू होतास तिथं. वने, सांग यायले. मी काय बोललो होतो?”

माणसं बाजूला सरली. त्याच्या आणि माझ्या मधली वाट मोकळी झाली.

“मी टाकतो, तू उचल,” मामा म्हणाला. आणि दंडारीत टाकायचा तशी त्यानं ओळ टाकली, वरच्या पट्टीत, “आमचा आखर...”

पुढचा शब्द एकच होता. पर्समध्ये वही होती. वहीत तो शब्द होता, वर लिहिलेला, खाली बाण काढलेला. वार्ताहरांपैकी एकानं वही-पेन काढलं. सर अगदी हळू आवाजात म्हणाले, “कापगते, जपून. तक्त्यावर सही तुमची आहे.”

मामा वाट बघत होता. हात वरच होता.

“मामा,” मी म्हणाले, आणि माझी मलाच जाणवली ती कार्यालयातली भाषा, “तुम्ही दंडारीसाठी जागेची मागणी केली होती ना. शासनानं ती मान्य केली आहे.”

मी त्याला तोवर जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

हात खाली आला. झिंगरनं जमिनीवर थुंकून तोंड फिरवलं. मला वाटलं मामा ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या, पायरी उतरले असते, कदाचित वहीही काढली असती. असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगते. तो ओळ पुन्हा टाकेल म्हणूनही मी वाट पाहिली. लहानपणी शब्द सांडला तेव्हा त्यानं ओळ पुन्हा टाकली होती.

त्यानं पुन्हा टाकली नाही. खांद्यांवरची शाल काढली, नीट घडी घातली, काळ्या दगडापाशी पायरीवर ठेवली. मग वळला आणि फाटकाकडे चालू लागला. त्याच्यासाठी कुणी वाट सोडली नाही, त्याला माणसांच्या कडेकडेनं जावं लागलं.

त्या वर्षी भुरकेटोल्यात दंडार झाली नाही, आणि त्यानंतरही नाही. मी पुढे उपसंचालक होऊन निवृत्त झाले. वही अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवशी मात्र मी पायरीवर उभी राहून मामा फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत होते. शाल नव्हती, दुपट्टा नव्हता. सदऱ्याच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध वीतभर ठिगळ होतं, निराळ्याच कापडाचं, मामीनं बारीक टाके घालून लावलेलं. पाच वर्षं मी त्या माणसाच्या गोलात नाचले होते, आणि त्याची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.